बिल परवडत नसलेल्या घराला मदत करताना: मीटरपासून अर्जापर्यंत

वीज वाचवण्याचे बहुतेक सल्ले, ज्यांच्याकडे वाया घालवायला काहीतरी आहे अशांसाठी असतात. खोलीत कोणी नसताना दिवा बंद करा, एसी दोन अंशांनी वर ठेवा, वगैरे. पण ज्या घरात मुळात एकाच खोलीत दिवा लागतो, हीटर कोपऱ्यात नुसता उभा आहे आणि आंघोळीचं पाणी एक दिवसाआड तापतं, तिथे हेच सांगितलं तर समोरचा माणूस मान डोलावतो आणि मनात म्हणतो, "आता आणखी काय बंद करू?"

हा लेख अशा घरात मदतीला बसणाऱ्यासाठी आहे. तुम्ही शेजारी असाल, नातेवाईक असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल. स्वतःच्या घरासाठी वापरलात तरी पायऱ्या त्याच.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंधन-दारिद्र्य मोजायची जुनी, सोपी पट्टी ब्रिटनमधली आहे. संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ती मांडली: घर पुरेसं उबदार ठेवायला आणि ऊर्जेच्या बाकी गरजा भागवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागणार असेल, तर ते कुटुंब इंधन-दरिद्री. इथे हिशेब गरजेचा आहे, प्रत्यक्ष बिलाचा नाही. बिल परवडत नाही म्हणून कुडकुडत बसणाऱ्या घराचं बिल छोटंच येतं, आणि नुसतं बिल पाहणाऱ्याला ते घर "काटकसरी" वाटतं. इंग्लंडमध्ये २०२१ पासून मोजणीत उत्पन्नाबरोबर घराचा ऊर्जा-दर्जाही धरला जातो. 'ड' किंवा त्याखालच्या श्रेणीचं घर आणि घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता आणि ऊर्जाखर्च वजा जाता दारिद्र्यरेषेखाली उरणारं उत्पन्न, दोन्ही असेल तर ते कुटुंब मोजलं जातं. म्हणजे कमाई, दर आणि घराच्या भिंती-छप्पर, असे तीन धागे आहेत. नुसत्या सवयींवर बोट ठेवणारा सल्ला या तिन्हींना हात लावत नाही.

पहिली पायरी: विचारा, पण बिलापासून सुरुवात करू नका

बिल मागितलं की माणूस अवघडतो. थकबाकी असेल तर जास्तच. आधी घराबद्दल विचारा. "रात्री झोपताना सगळ्यात गार कुठली खोली असते?" "उन्हाळ्यात दुपारी कुठे बसता?" "कपडे वाळायला किती दिवस लागतात?" "आजी, पहाटे उठल्यावर हात-पाय आखडतात का?" अशा प्रश्नांतून दहा मिनिटांत कळतं की घर वाया घालवतंय की उपाशी राहतंय. एकाच घरात दोन्ही असू शकतं, हेही लक्षात ठेवा: फ्रीज खूप खातोय म्हणून हीटर बंद, असं चित्र नेहमीचं आहे.

घरात तान्हं मूल, वृद्ध, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण, फ्रीजमध्ये इन्सुलिन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांपैकी काही आहे का, हे नक्की विचारून लिहून ठेवा. पुढे अर्जात याचाच उपयोग होतो. साधारण ३५० वॉटचा कॉन्सन्ट्रेटर दिवसरात्र चालला तर रोज आठ युनिटांच्या पुढे जातो. त्या घराला पंखा बंद करायला सांगणारा माणूस आकडा न पाहता बोलतोय, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांसाठी घरातलं तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावं असं म्हटलं आहे. लहान मुलं, वृद्ध, आजारी यांना त्याहून थोडं जास्त लागू शकतं. एक साधा थर्मामीटर खोलीत आठवडाभर टांगा. पहाटे आकडा सतत १८ च्या खाली दिसत असेल तर त्या घरात "कमी वापरा" हे वाक्य उच्चारायचं नाही.

दुसरी पायरी: बिल वाचा

वर्षभराची बिलं मिळाली तर उत्तम. रकमेकडे नंतर पाहा, आधी युनिट पाहा. एक युनिट म्हणजे १,००० वॉटचं उपकरण तासभर चालल्यावर होणारा वापर. मग चार गोष्टी तपासा.

रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरी लावलेलं? सलग काही महिने सारखाच आकडा दिसला तर शंका घ्या आणि मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहा. स्थिर आकार किती आहे? तो वापर शून्य असला तरी भरावाच लागतो, आणि मंजूर भार (जोडणीला ठरवून दिलेली वॉटची मर्यादा) गरजेपेक्षा जास्त नोंदवला असेल तर काही ठिकाणी तो उगाच फुगतो. दर टप्प्याटप्प्याने वाढतो का? तसं असेल तर एकाच मीटरवर दोन कुटुंबं राहिल्यास दोघांचा वापर एकत्र मोजला जाऊन वरच्या टप्प्यात जातो, आणि दोघंही महाग दराने पैसे भरतात. अशा वेळी स्वतंत्र मीटर हाच मोठा उपाय. दहा दिवे बदलून तेवढा फरक पडणार नाही. शेवटचं म्हणजे, जुनी थकबाकी चालू बिलात मिसळली आहे का? "बिल फार येतं" ही तक्रार कित्येकदा जुन्या थकबाकीची आणि विलंब आकाराची असते, वापराची नसतेच.

भाडेकरू घरमालकाला युनिटमागे पैसे देत असेल तर त्याने मूळ बिल पाहायला मागावं. दर कुठला लावलाय हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

प्रीपेड मीटरवाल्यांचं दुखणं वेगळं. पैसे संपले की अंधार, आणि त्याची नोंद कुठल्याच थकबाकीच्या यादीत होत नाही. रिचार्जमधून जुनं देणं कापलं जातंय का, किती कापलं जातंय आणि ते कमी करून मिळेल का, हे कंपनीला विचारायलाच हवं.

तिसरी पायरी: मीटरचा दिवा मोजा

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण यंत्र विकत घ्यावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, समजा ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद घड्याळावर मोजा. ३६,००,००० ला (छापील आकडा गुणिले सेकंद) यांनी भागा. उत्तर येतं ते या क्षणी घर किती वॉट ओढतंय ते. ३२०० चा मीटर दर १० सेकंदांनी लुकलुकला तर ११२ वॉट.

आता सगळी उपकरणं बंद करा, स्टँडबायवरचीही, फ्रीजचा प्लग काढा आणि परत पाहा. दिवा थांबायला हवा. लुकलुकतच राहिला तर काहीतरी चालू राहिलंय, वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा दुसऱ्या कुणाची लाइन तुमच्या मीटरवर आहे. इथून पुढे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम. वायरिंग स्वतः उघडू नका. दिवा थांबला तर एकेक उपकरण चालू करत जा आणि प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहा. घरातली मुलं हे काम हौसेने करतात, त्यांनाच वही द्या.

चौथी पायरी: जिथे उष्णता तयार होते तिथे आधी जा

मोबाइलचा चार्जर प्लगमध्ये राहिला म्हणून घरात भांडणं होतात. आकडे बघा. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.५८ युनिट लागतं. एक मोबाइल पूर्ण चार्ज करायला साधारण ०.०२ युनिट. म्हणजे एक बादली गरम पाणी ही जवळजवळ तीस वेळा चार्ज केलेल्या फोनच्या बरोबरीची. पाणी तापवणं, खोली तापवणं, खोली थंड करणं, इस्त्री, स्वयंपाक: खरा खर्च इथे आहे. बाकीचं किरकोळ, दोन-तीन अपवाद सोडून.

पाण्यापासून सुरुवात करा. साठवणीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर तो नुसतं गरम पाणी गरम ठेवण्यातच वीज खातो. वापराआधी लावा, नंतर बंद करा. २,००० वॉटच्या गिझरला वर सांगितलेली बादली तापवायला १७-१८ मिनिटं पुरतात, त्यामुळे तासभर आधी लावायची गरज नसते. शॉवरपेक्षा बादलीत पाणी मोजून मिळतं. पाण्यात टाकायची कॉइल वापरत असाल तर वीज बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. बादली प्लास्टिकची असली तरी हा नियम बदलत नाही.

खोली थंड करताना बाष्प आणि ऊन हे दोन शत्रू. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा लावून फारसा उपयोग नाही, उष्णता आत आलेली असते. चटई, ताडपत्री, जाळी, वेल, जे काही असेल ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूने लावा. एसी असेल तर तो २४ ते २६ वर ठेवून पंखा चालू करा. भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज असा की एका अंशाने तापमान वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. मात्र पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही, म्हणून रिकाम्या खोलीतला पंखा बंदच हवा.

अपवाद म्हणालो ते हे: पंखा, फ्रीज आणि सतत चालू राहणारी खोकी. ही थोडं खातात पण तासन् तास खातात. ७५ वॉटचा जुना पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला ३४ युनिट. ३० वॉटच्या बीएलडीसी (कमी वीज खाणारी मोटर असलेल्या) पंख्याला १३-१४ पुरतात. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर रोज ५ तासांच्या वापरात महिन्याला साडेसात युनिट वाचतात. सेट-टॉप बॉक्स १० वॉटचा असेल आणि कधीच बंद होत नसेल तर महिन्याला सात युनिट, टीव्ही लावा की लावू नका.

फ्रीजच्या दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर तिथून थंडावा गळतोय. फ्रीज भिंतीला चिकटवलेला असेल तर थोडा पुढे ओढा, मागची जाळी पुसा, आतलं तापमान ३ ते ५ अंश ठेवा. बर्फाचा थर साचत असेल तर वितळवा, सुरीने खरवडू नका.

एक नकोसं पण खरं सांगतो: जुना पंखा-फ्रीज बदला हा सल्ला सोपा, पैसे कुठून आणायचे हे अवघड. म्हणून क्रम असा ठेवा की बिनपैशाचं आज, थोड्या पैशाचं या महिन्यात, आणि मोठं काम मदत मिळवून. कर्ज काढून उपकरण घ्यायचं असेल तर महिन्याला वाचणारे पैसे हप्त्याहून जास्त आहेत ना, हा हिशेब आधी कागदावर करा.

पाचवी पायरी: घराच्या फटी आणि छप्पर

वारं सुटलेल्या दिवशी उदबत्ती पेटवून दारं, खिडक्या, पाइप भिंतीतून जातात ती भोकं, यांच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. दाराखाली कापडाची गुंडाळी, चौकटीला फोमची पट्टी, भोकात सीलंट, यातलं बहुतेक काम हाताने होतं. (पडद्याजवळ उदबत्ती नेताना सांभाळून.)

पण घर डबाबंद करायचं नाही. ज्या खोलीत गॅस, कोळसा किंवा लाकूड जळतं तिथला झरोका कधीही बुजवू नका. कोळशाची शेगडी उबेसाठी बंद खोलीत घेऊन झोपणं जीवघेणं आहे: तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, आणि घरातल्या सगळ्यांना एकदम तसंच होणं ही त्याची खूण. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि वैद्यकीय मदत बोलवा.

थंड प्रदेशात ओल आणि बुरशीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. गरम दमट हवा गार भिंतीला लागली की तिथे पाणी जमतं, त्यावर काळे ठिपके येतात. खोलीत ओले कपडे वाळवणं, झाकणाविना उकळणारं पातेलं, न्हाणीघराचं उघडं दार, या सगळ्यांतून ते बाष्प येतं. स्वयंपाक आणि आंघोळीनंतर दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा, मग बंद करा. दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण भिंती थंड होत नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडं सुटं ठेवा.

पैसे एकाच ठिकाणी घालता येत असतील तर मी छपराकडे बोट दाखवेन. थंडीत उष्णता वरून निघून जाते, उन्हाळ्यात तिथूनच आत येते. पत्र्याचं छप्पर असेल तर वरून पांढरा परावर्तक रंग आणि खाली हवेची जागा सोडून छत. उतरतं छप्पर असेल तर माळ्यावर उष्णतारोधक थर. भाड्याच्या घरात हे काम मालकाचं. खर्च त्याने करायचा आणि बिल भाडेकरूचं कमी व्हायचं, म्हणून ते वर्षानुवर्षं अडतं. तापमानाची वही आणि बुरशीचे तारखेसह फोटो लेखी अर्जाला जोडले तर निदान "काही सांगितलंच नाही" हे उत्तर मिळत नाही.

स्वयंपाकघर

पाणी उकळलं की त्याचं तापमान वाढत नाही, आच कितीही मोठी करा. जास्तीची आच फक्त वाफ करते, आणि वाफ महाग असते: एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेच सगळं पाणी वाफ करून उडवायला तिच्या जवळजवळ पावणेसातपट लागते. झाकण ठेवण्यामागचं कारण हे एवढं साधं आहे. उकळी आली की आच बारीक, झाकण पक्कं. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येऊ देऊ नका. कडधान्य भिजवून घ्या, कुकर असेल तर वापरा, आणि जे आपल्याच उष्णतेत शिजत राहतं ते आचेवरून उतरवून जाड कापडात गुंडाळून ठेवा. ज्योत निळी हवी. पिवळी पडली तर बर्नरची भोकं साफ करा. गॅसची नळी आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, काडी ओढून नाही.

चुलीवर स्वयंपाक होत असेल तर लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उडवण्यात उष्णता घालवतं आणि धूर वाढवतं. धुराला बाहेर वाट हवीच. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात ३२ लाख लोकांचा मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि चुलीसमोर सर्वांत जास्त वेळ बसतात त्या बायका आणि त्यांच्याजवळची लहान मुलं.

मदत मागायची कशी

मदतीचे प्रकार ओळखले की अर्ज कुठे करायचा ते शोधणं सोपं जातं. काही योजना बिलात सवलत देतात, जसा ब्रिटनमधला 'वॉर्म होम डिस्काउंट'. काही बिलासाठी थेट पैसे देतात, जसा अमेरिकेतला १९८१ पासूनचा अल्प-उत्पन्न गृह-ऊर्जा साहाय्य कार्यक्रम. काही जोडणीच देतात, जशी भारतातली २०१६ ची उज्ज्वला योजना. आणि काही घर दुरुस्त करून देतात. अमेरिकेत १९७६ पासून त्यासाठी वेगळा सरकारी कार्यक्रम आहे. निवड करता आली तर शेवटच्या प्रकाराचा अर्ज आधी टाका. सवलत दरवर्षी मागावी लागते, बुजवलेली फट आणि झाकलेलं छप्पर मागावं लागत नाही.

थकबाकी असेल तर गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. जोडणी तोडण्याची नोटीस येण्याआधी कंपनीशी बोला आणि तीन गोष्टी लेखी मागा: मीटरची तपासणी किंवा रीडिंगची दुरुस्ती, हप्त्यांची सोय, आणि घरात आजारी, वृद्ध, बाळ असेल तर त्याची नोंद. ब्रिटनमध्ये वीज-गॅस पुरवठादारांकडे अशा ग्राहकांची प्राधान्य नोंदवही असते. इतरत्र नाव वेगळं असेल, नोंद करून घ्या असा आग्रह धरता येतोच. हप्ता ठरवताना झेपेल तेवढाच सांगा. लाजेपोटी मोठा आकडा कबूल केला आणि दुसऱ्याच महिन्यात चुकला, की पुढची बोलणी अवघड होतात.

फोनवर बोललात तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र, भाडेकरार किंवा राहण्याचा पुरावा, अलीकडची बिलं आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. हे सगळं एका पिशवीत एकदाच जमवून ठेवा. कंपनीकडून समाधान झालं नाही तर वरची पायरी म्हणजे ग्राहक तक्रार मंच, लोकपाल किंवा नियामक. बिलाच्या मागच्या बाजूला बहुधा त्यांचा पत्ता असतो. तक्रार चालू असताना वाद नसलेली रक्कम भरत राहा. आणि "तुमचं अनुदान मंजूर झालंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या.

पुन्हा भेट द्या

दोन-तीन महिन्यांनी परत जा. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा, आणि युनिटांना बिलाच्या दिवसांनी भागा, कारण एक बिल २८ दिवसांचं आणि पुढचं ३५ दिवसांचं असू शकतं. मग थर्मामीटरची वही उघडा. युनिट घटले आणि खोलीही आधीपेक्षा गार झाली असेल तर हीटर कधी आणि का बंद ठेवला ते विचारा, आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. युनिट थोडे वाढले पण पहाटेचा आकडा १६ वरून १८ वर आला असेल, तर सवलतीच्या अर्जाचं काय झालं याचा पाठपुरावा त्याच दिवशी करा.